परवाना आहे, अपघात नाही, मग काळजी कसली? चार्टर विमानाबद्दलच्या एका निरोपाला उत्तर

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक निरोप फिरतो आहे. छोटं विमान भाड्याने घेताना चारच गोष्टी बघा, असं तो सांगतो: कंपनीला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना, नावावर एकही अपघात नाही, विमान नवं आणि इंजिनं दोन. एवढं जुळलं की निर्धास्त बसा म्हणे. चारही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत, आणि त्या अर्ध्यावर विसंबून लोक घरच्या माणसांना घेऊन विमानात चढतात.

‘परवाना आहे.’ परवाना कंपनीला मिळतो. तुम्ही बसणार ते विमान त्या परवान्यावर चढवलेलं आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. विमानावर रंगवलेला ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक त्या यादीत नसेल, तर ते कुणाचं तरी खासगी विमान असू शकतं आणि त्यात भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यानंतर उड्डाणयोग्यतेच्या पडताळणीचा दाखला, म्हणजे एआरसी. त्याची मुदत वर्षाची असते.

खरी माहिती मात्र टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत असते. पायलटने लिहिलेला प्रत्येक स्नॅग, म्हणजे बिघाड, आणि त्यावर लायसन्सधारक इंजिनिअरने काय केलं, हे त्यात येतं. काही बिघाड ठरावीक मुदतीपर्यंत पुढे ढकलता येतात: बी वर्गाचे 3 दिवस, सी वर्गाचे 10, डी वर्गाचे 120, नोंदीचा दिवस धरत नाहीत. तोच स्नॅग तीन-चार वेळा आला आणि दर वेळी पार्ट न बदलता ‘ग्राउंड रन केला (जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं), ठीक आढळलं’ असं लिहून मिटवला, तर मूळ दोष सापडलेला नाही. कोरा लॉगही चांगला नव्हे. बाहेरगावी स्नॅग लिहिला तर विमान तिथेच अडकतं, म्हणून काही ठिकाणी तो तोंडी सांगतात आणि बेसवर परतल्यावरच लिहितात. सगळे स्नॅग परतीच्या शेवटच्या फेरीतच उगवलेले दिसले, तर त्या कंपनीपासून दूर राहा.

‘एकही अपघात नाही.’ समजा, कंपनीकडे दोन विमानं आहेत आणि प्रत्येक वर्षाला 300 तास उडतं. दहा वर्षांत 6,000 तास झाले. एअरलाइनचं एक विमान रोज दहा तास धरले तर दोन वर्षांत याहून जास्त उडतं. इतक्या थोड्या तासांत ढिसाळ कंपनीचं पानही कोरं राहू शकतं.

‘विमान नवं आहे.’ वयापेक्षा तास, उतरण्याची संख्या आणि विमान कुठे उभं राहतं हे विचारा. किंग एअर 200 या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाची तपासणी 200 तासांच्या चार टप्प्यांत होते, आणि तास कमी भरले तरी चारही टप्पे 24 महिन्यांत उरकावे लागतात. लायकमिंग कंपनीच्या बऱ्याच पिस्टन इंजिनांना ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीसाठी, 2,000 तास किंवा 12 वर्षं, जे आधी येईल ते. वर्षांची अट उगाच नाही. उभ्या इंजिनात कॅमशाफ्टवरचं, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावरचं तेल ओघळून जातं आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाळी हवेत तिथे गंज धरतो. दहा मिनिटं जमिनीवर इंजिन चालवून हे टळत नाही. तेल पुरेसं तापत नाही आणि आत ओलावा उलट वाढतो. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साचतं. जेट इंधनात ते सावकाश खाली बसतं, म्हणून इंधन भरल्याबरोबर टाकीच्या तळाचं पाणी काढून (ड्रेन) उपयोग नाही, थांबावं लागतं. पाणी राहिलं की त्यात जिवाणू-बुरशी वाढते आणि फिल्टर तुंबतात. गोव्यात मुक्कामी असणाऱ्या विमानाच्या टर्बाइन इंजिनात खारी हवा शिरते. त्याच्या कॉम्प्रेसर वॉशच्या, म्हणजे इंजिन आतून धुतल्याच्या नोंदी मागा.

‘दोन इंजिनं आहेत.’ हलक्या पिस्टन विमानाचं एक इंजिन गेलं की ताकद निम्मी उरते, पण वर चढण्याची क्षमता 80 टक्क्यांहून जास्त घटते. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर आहे. एप्रिलमध्ये पारा 36 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती 5,600 फुटांवरच्यासारखी वाटते. त्यात बंद इंजिनाचा पंखा फेदर झाला नाही, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत वळली नाहीत, तर विमान चढणारच नाही. त्यामुळे पात्यांचा कोन सांभाळणारा गव्हर्नर आणि फेदरिंगच्या चाचणीची नोंद ही इंजिनांच्या संख्येइतकीच महत्त्वाची.

हवामानापुढे तर इंजिनं मोजून काही होत नाही. 30 सप्टेंबर 2001 ला मैनपुरीजवळ खराब हवेत माधवराव शिंदे यांचं किंग एअर कोसळलं, ते दोन इंजिनांचं होतं. 14 सप्टेंबर 2023 ला मुंबईत मुसळधार पावसात धावपट्टीबाहेर गेलेलं लिअरजेटही दोन इंजिनांचंच. सुदैवाने त्यातले आठही जण वाचले. उलट मे 2023 मध्ये बेळगावजवळच्या होनिहाळच्या शेतात उतरवावं लागलेलं दोन आसनी प्रशिक्षण विमान छोटंसं, तरी आतले दोघंही वाचले. हळू वेगात उतरता येणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

म्हणून एजंटला आदल्या दिवशी व्हीटी क्रमांक, एआरसीची तारीख आणि पुढे ढकललेल्या बिघाडांची यादी लेखी मागा. चोर्ला-आंबोलीकडे ढग उतरले तर उड्डाण रद्द करण्याचा शेवटचा शब्द पायलटचाच असेल, हेही लिहून घ्या, आणि त्याने नाही म्हटल्यावर मुहूर्ताचं कारण पुढे करू नका. आयत्या वेळी विमान बदललं, तर नव्या क्रमांकासाठी हे सगळं पुन्हा विचारा.