हार-शाल झालं, पण कपाट कधी उघडणार?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जोरात जुंपलीय. गाव अमळनेर तालुक्यातलं, कार्यकारिणीत यंदा नवीन पोरं घेतली, आणि आता जुने म्हणताय पोरं मीटिंगला येऊन नुसती मोबाईल बघत बसतात, पोरं म्हणताय आम्हाला कोणी काही सांगतच नाही, विचारलं तर "तुमले काय समजस भो" हे उत्तर.

मी राहतो इंग्लंडमध्ये, इथल्या एका फूड बँकेच्या ट्रस्टवर आहे, म्हणून दोन्हीकडून मला मेसेज की तिकडे नव्या मेंबरला कामाची माहिती कशी देतात ते सांग. तर तिकडचं सगळं भारी असतं असं नाही बरं का. चॅरिटी कमिशनची, म्हणजे इथल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, ट्रस्टींसाठी चांगली सोपी मार्गदर्शिका आहे, पण आमच्या संस्थेने त्यावर पॉलिसींचा एवढा गठ्ठा ईमेल केला की तो कोणी वाचत असेल असं मला वाटत नाही. कामाला आल्या त्या एक रिटायर्ड बाई, जुन्या ट्रस्टी. पहिल्या मीटिंगच्या आधी कॉफीला बोलावलं आणि सरळ सांगितलं, बँकेत किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, गोडाऊनचा करार कधी संपतोय, आणि कोणते दोन मेंबर एकमेकांशी बोलत नाहीत!

आपल्याकडे हे करायला पैसा लागतो का? सचिवांनी एका संध्याकाळी गोदरेजचं कपाट उघडायचं, बस. संस्थेची घटना, मागच्या तीन वर्षांचं ऑडिट, मीटिंगच्या ठरावांचं प्रोसिडिंग बुक, बँक खात्यावर सह्या कोणाच्या, आणि वाचनालय अ ब क ड पैकी कोणत्या वर्गात आहे, कारण अनुदान त्याच्यावर ठरतं. जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते हे पण तेव्हाच सांगा, नाहीतर कोणीतरी उत्साही मेंबर मागचा प्लॉट विकून नवीन बिल्डिंग बांधायला निघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवणं. महाराष्ट्राच्या १९५० च्या ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो द्यावा लागतो. कितीतरी संस्थांत भिंतीवरच्या बोर्डावर नाव चढतं, पेपरात सत्काराचा फोटो येतो, आणि जळगावच्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून जुनीच माणसं, त्यातली काही तर वारलेली. मग नव्या मेंबरने ज्या ठरावावर सही केली त्यावरच उद्या कोर्टात वाद. हे पोराला सही करायच्या आधी कळायला नको?

एका काकांनी मला लिहिलं, असं सगळं उघडं करून दाखवलं तर पोरं पळून जातील. जाऊ द्या ना काका. आज गेली तर नुसता चहा वाया जाईल, सहा महिन्यांनी राजीनामा दिला तर त्याचा पुन्हा एक चेंज रिपोर्ट, पुन्हा वकिलाची फी, आणि जळगावच्या चकरा तुम्हालाच.