तुमच्या विरोधात जाणारा कागद आधी वकिलाला दाखवा

'ओळखीत कुणी चांगला वकील आहे का गं?' असं मला नेहमी कुणी ना कुणी विचारतं. मी तालुक्याच्या कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात दावे, कैफियती (म्हणजे दाव्याला समोरच्याने दिलेलं लेखी उत्तर), अर्ज टाइप करते, म्हणून. नाव सांगणं सोपं आहे. पण माझं मत ठाम आहे की, दिवाणी दाव्यात माणसं वकील चुकीचा मिळाल्याने जेवढी अडकतात, त्याहून जास्त त्याला अर्धीच हकिकत सांगितल्याने अडकतात. पहिल्या भेटीला सगळे आपल्या बाजूचे कागद पिशवी भरून नेतात. जो कागद आपल्या विरोधात जातो, तो मात्र घरी कपाटात राहतो. खरं तर तोच सगळ्यात आधी टेबलावर यायला हवा.

ऑफिसातल्या पक्षकारांचं मी इथे काही सांगणार नाही. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवायचं बंधन त्याच्या कारकुनावर आणि टायपिस्टवरही असतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या 126 आणि 127 कलमांत होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132 व्या कलमात आहे. म्हणून नात्यातल्या एका मावशींचं सांगते, त्यांना विचारून. त्यांचा दावा दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या वकिलांकडे होता.

वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून भावाबरोबर मावशींचंही नाव लागलं. पुढे 'सोसायटीचं कर्ज काढायचंय, सह्या लागतात' असं सांगून भावाने त्यांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं आणि हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, नोंदवून घेतलं. सही कशावर झाली ते मावशींना काही महिन्यांनी कळलं. भावाने फेरफार, म्हणजे तलाठ्याकडची नाव बदलायची नोंद, मात्र केलीच नव्हती, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव तसंच राहिलं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी 9 सप्टेंबर 2005 ची दुरुस्ती त्यांना माहीत होती. वडील त्या दिवशी हयात नसले तरी हक्क मिळतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा विनीता शर्मा निकालही त्यांनी पेपरात वाचला होता. ते कात्रण घेऊनच त्या वकिलांकडे गेल्या. हक्क खराच होता, पण एकदा नोंदणी करून सोडलेला हक्क कात्रणाने परत येत नाही. आधी ते हक्कसोडपत्र रद्द करून घ्यावं लागतं.

वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'ताई, कुठे सही-बिही दिलीय का?' मावशी 'नाही' म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीवर जावेचा मुलगा बसला होता आणि सख्ख्या भावाने फसवलं हे त्याच्यासमोर त्यांना बोलवेना. झालं. वाटपाच्या दाव्यात ओळ टाइप झाली की वादीने मिळकतीबाबत कोणताही दस्त करून दिलेला नाही. त्याखाली सत्यापनाची, म्हणजे 'वरचा मजकूर खरा आहे' अशी, सही आणि सोबत प्रतिज्ञापत्र. भावाच्या कैफियतीबरोबर हक्कसोडपत्राची नक्कल आली तेव्हा वकिलांना पहिल्यांदा कळलं.

आता मुदतीचा हिशेब बघा. दस्त रद्द करून मागायची मुदत, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं. मावशी पहिल्यांदा वकिलांसमोर बसल्या तेव्हा त्यातले काही महिने शिल्लक होते. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर वाटपाच्या दाव्यातच हक्कसोडपत्र रद्द करण्याची मागणी घालता आली असती. कैफियत येऊन दाव्यात ती मागणी घालायचा दुरुस्ती अर्ज होईपर्यंत 3 वर्षं उलटली आणि मुदतीच्या मुद्द्यावर अर्ज नामंजूर झाला. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी आधी हक्कसोडपत्रावरची सही दाखवली, मग दाव्यातली ती ओळ वाचायला लावली. 'दोन्ही सह्या तुमच्याच ना?' ज्या बाईला फसवून सही घेतली होती, ती कोर्टासमोर खोटं बोलणारी ठरली. दावा फेटाळला गेला, जिल्हा न्यायालयात अपील चालू आहे.

म्हणून पहिल्या भेटीला एकटं जा. सोबत लागतच असेल तर ज्याच्यासमोर काहीही बोलता येईल असं एकच माणूस न्या. गावातले चार जण जीपमध्ये घालून आणले की खरं बोलणं होतच नाही, हे मी खुर्चीत बसून रोज बघते. आणि वकिलाला खोटं सांगून आपली केस भक्कम होते हा समज डोक्यातून काढून टाका. समोरच्याकडे तोच कागद असतो. आधी कळला तर आपला वकील त्याला उत्तर तयार ठेवतो, नंतर कळला तर त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही.

तयारी कशी करायची? एक पान तारीखवार लिहा. डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा कागद आहे की नाही. तारीख पक्की आठवत नसेल तर '2015 ची दिवाळी झाल्यावर' असं लिहिलेलं चालतं, उगाच अंदाजाने दिवस ठोकू नका, कारण पुढे तोच दिवस शपथेवर सांगावा लागतो. जमिनीचं प्रकरण असेल तर दुसऱ्या पानावर वंशावळ काढा, कोण कधी वारलं ते लिहा, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली गाळू नका. वाटपाच्या दाव्यात एक वारस सुटला की आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावा अडतो. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढाच. फेरफार खूप बोलके असतात. नाव का लागलं, का कमी झालं, कुणाच्या वर्दीवरून, सगळं तिथे सापडतं. पण मावशींचा दस्त फेरफारात नव्हता, हे लक्षात ठेवा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, बघितला असता तर सापडला असता.

मूळ कागद दाखवायला न्या, ठेवून द्यायला झेरॉक्स द्या. मूळ देणं भागच असेल तर यादीवर पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, फोनमधलं रेकॉर्डिंग काही पुसू नका आणि तो फोनही विकू नका. कोर्टात ते दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन जवळ असला की बरं पडतं.

मुदतीचं सगळ्यात आधी बोला, अगदी फोनवर वेळ घेतानाच. समन्स आलं असेल तर ते हातात पडल्याची तारीख सांगा. कैफियत द्यायला 30 दिवस असतात, कोर्टाने वाढवून दिले तर 90 पर्यंत. 'समन्स घेतलंच नाही तर केस चालत नाही' असं गावोगावी सांगतात, ते साफ चूक आहे. नाकारलेलं समन्स बजावलेलं धरता येतं, मग एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) होतो आणि माणूस जागा होतो तो दरखास्तीची, म्हणजे त्या निकालाच्या अंमलबजावणीची, नोटीस आल्यावर. चेक परत आला असेल तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. उसने दिलेल्या पैशाला साधारण 3 वर्षं. वकील शोधण्यातच मुदत घालवणारी माणसं बघितली की जीव तुटतो.

वकील निवडायचा तर जिथे दावा चालणार तिथे रोज उभा राहणारा बघा. शहरातलं मोठं नाव प्रत्येक तारखेला तालुक्याला येत नाही, ज्युनिअर मुदत मागून जातो. ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. आपल्यासारखे दावे ते चालवतात का, हे तिथे दिसतं. 'निकाल आपलाच, काळजी सोडा' असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यापासून दूर राहा. ज्यांनी कागद वाचताना कपाळाला आठी घातली, दोन अवघड प्रश्न विचारले, त्यांच्याकडे परत जा.

फीचं विचारायला लाजू नका. पूर्ण दाव्याची एकरकमी की तारखेप्रमाणे, कोर्ट फी, नकला, टायपिंग वेगळं का, उभं कोण राहणार, सगळं तेव्हाच विचारा आणि दिलेल्या पैशाची पावती मागा. 'जिंकलात तर जमिनीतला वाटा द्या' असा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि वाटपाच्या दाव्यात एक प्रश्न विचाराच, जो जवळजवळ कुणी विचारत नाही. प्राथमिक हुकूमनामा झाल्यावरचं काम या फीत धरलंय का? कारण त्या हुकूमनाम्याने फक्त हिस्सा ठरतो. शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, मोजणी होते, हरकती येतात, आणि त्यात वर्षं जातात. लोक पेढे वाटून घरी जातात आणि ताबा मात्र भावाकडेच राहतो.

बायकांना एक वेगळं सांगायचंय. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार, कोठडीतली माणसं यांनाही मिळतो. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, 15100 हा फोन नंबरही आहे.

कोऱ्या कागदावर सही कुणालाही देऊ नका, आपल्या वकिलालाही नाही. टाइप झालेला दावा घरी नेऊन वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या. मी टाइप केलेल्या पानावर पक्षकार न वाचता सही करतो तेव्हा मी स्वतः थांबवते, 'काका, एकदा नजर टाका.' सत्यापनाखाली नाव त्यांचं असतं, माझं किंवा साहेबांचं नाही.

आणि पुढे वकिलांशी पटलंच नाही तर बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलंय. फीचा हिशेब वेगळा, कागद तुमचे. लेखी मागा आणि मागितल्याची पोच ठेवा.