अण्णांचा निकाल आणि सुषमाचा हिशेब

गल्लीत मोकाट फिरणाऱ्या पोरांची परवाची बातमी सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे परळ नाक्यावर चहा येण्याआधीच अण्णांचा निकाल लागला होता. "बाप गेलेला, आई दिवसभर कामावर, पोरं गल्लीत मोकाट. उचला आणि टाका डोंगरीच्या बालगृहात!"

"मग तुमचा बंटी रात्री अकरापर्यंत इथेच असतो, त्यालाही न्यायचं का?" मंग्या.

"न्या बाबा, जेवण वाचेल."

सुषमा हसली नाही. आमच्यात बालसंरक्षणाचं काम केलेली ती एकटी. "अण्णा, २०१५च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय आहे. आणि उचललंत तरी चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे पोराच्या घरची चौकशी. तो लिहायला माणूस शेवटी त्याच आईच्या दारात जातो. मग आधीच जा की!"

"जाऊन काय, आरती ओवाळायची?"

"राज्याच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घ्यायचा. महिन्याला २,२५० रुपये. आणि अर्ज बाप गेला त्याच महिन्यात. पोरगं शाळा सोडून गॅरेजवर लागल्यावर नव्हे."

"मिळतात का पण?" योजना म्हटली की मंग्याचा चेहरा वाकडा.

"अडतात. रेशनकार्ड गावचं, खोली इथे भाड्याची. आधारवर 'शिंदे', शाळेच्या बोनाफाईडवर 'शिदें'. खातं आधारशी जोडलेलं नाही. हे सगळं निस्तरलं की गृहचौकशी. कार्यकर्ता येणार सकाळी अकराला, बाई तेव्हा दुसऱ्याच्या घरी भांडी घासतेय. कुलूप दिसलं की शेरा, 'कुटुंब आढळले नाही'. संध्याकाळी सातनंतर गेलं तर काय झिजतं?"

"केंद्राचे चार हजार आहेत ना?" मंग्या.

"मिशन वात्सल्यचे. शहरात वर्षाचं उत्पन्न ९६,०००च्या आत हवं. म्हणजे महिना आठ हजार. तीन घरची धुणीभांडी केली की मुंबईतली बाई श्रीमंत!"

अण्णांनी मान डोलावली. "म्हणजे लोक खोटा दाखला काढणार. फुकट दिलं की माणूस बिघडतो, माझं मत पहिल्यापासून..."

"खोट्या कागदाचं तुम्ही बोलू नका," मंग्या उसळला. "मंडळाच्या मंडपाच्या पावत्या अजून कुणी पाहिलेल्या नाहीत."

"त्या उंदरांनी खाल्ल्या!"

"गणपतीच्या?"

सुषमा अजून सांगत होती, की मंजुरी मिळाली तरी पैसे कधीकधी काही महिन्यांचे एकदम येतात, तोवर वाण्याची उधारी कोण थोपवणार. पण तिचा आवाज उंदरांवरच्या हशात कुणाला ऐकूच गेला नाही.