बस गप्प होते, माग होत नाही

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचा कट्टा. परवा तिथं वाद पेटला तो वडगावच्या पोराच्या डबीवरून. दोन हजारांच्या आतबाहेरचे वायरलेस बड्स, एएनसीवाले, म्हणजे बाहेरचा आवाज मारणारे. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून घेतलेले. त्यानं ती डबी चहाच्या ग्लासांमध्ये आपटली.

"फसवलं गा मला. नॉईज कॅन्सलेशन म्हणे! शेजारच्या यंत्रमागाचा आवाज तसाच येऊलालाय. उलट खटखट जास्तच कळतीय."

"तुझ्या कानात बिघाड असंल," बेंगळूरवाला म्हणाला. हा गडी आयटीत. महिन्यातनं दोनदा तरी रात्रीच्या स्लीपरनं पाचशे किलोमीटर जातो-येतो. "सेम मॉडेल आहे माझ्याकडं. मागचा बर्थ, खाली इंजिन. बटण दाबलं की बस हुबळीच्या अलीकडंच बंद पडली काय असं वाटतं."

वस्तू एक, पैसे तेवढेच. एकाला स्वर्ग आणि दुसऱ्याला फसवणूक. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते, पण कट्ट्यावर हे कबूल करायचं म्हणजे चर्चाच संपली.

मास्तरांनी (फिजिक्सचे, आता निवृत्त) ग्लास खाली ठेवला. "बाहेरचा माइक आवाज ऐकतो, आतली चिप त्याची उलटी लाट करते, दोन्ही कानात भेटतात आणि एकमेकांना खातात. इंजिनची घरघर कशी, आत्ता जी तीच पुढच्या क्षणी. तिचा अंदाज बांधता येतो. मागाचा धोटा आपटला की चिपला कळेस्तोवर आवाज कानात पोचलेला."

"एवढाच फरक?"

"अजून एक आहे. शंभर हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. उलटी लाट जरा उशिरा निघाली तरी चालून जातं. तीन हजारांची लाट अकरा-बारा सेंटिमीटरच. तिथं थोडं मागंपुढं झालं की खायचं सोडून आवाज वाढायचाही संभव. म्हणून एएनसीची मर्दुमकी सगळी खालच्या पट्टीतल्या आवाजावर. साधारण हजार हर्ट्झच्या वर कानात बसलेलं रबरच काय ते काम करतं."

"आणि खटखट जास्त का वाटतीय?"

"पंख्याची, मोटारीची घरघर गेली. मागं राहिलं काय? खटखटच."

बोस कंपनीच्या अमर बोसना ही कल्पना सुचली ती १९७८ साली, विमानात बसल्यावर. त्यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे हेडसेट १९८९ ला आले आणि तुमच्या-आमच्यासाठीचे २००० साली. मास्तरांनी हे सांगितल्यावर पोरगा फणकारला, "मग खोक्यावर विमान काढायचं, माग असंल तर घेऊ नका म्हणून लिहायचं!"

खडेबाजारातला मोबाईलवाला इतका वेळ गप्प होता. गप्प असण्याचं कारण लगेच कळलं. "आमच्याकडं तर लोक ईएनसीवालेच घेऊन जातात, एएनसी समजून," तो हसत म्हणाला. ईएनसी म्हणजे आपण फोनवर बोलताना आपल्याभोवतीचा गलका पलीकडच्याला कमी ऐकू जावा ही सोय. आपल्या कानाला त्याचा काही उपयोग नाही.

"मग तू सांगत नाहीस गिऱ्हाइकाला?"

"विचारतात काय? 'नॉईज कॅन्सल हाय काय?' हाय की! खोटं कुठं बोललो?"

असल्या खरेपणाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. बॅटरीच्या तासांचंही तेच. खोक्यावर पन्नास तास असले तर ते बहुतेक वेळा डबीतल्या चार्जिंगसकट आणि एएनसी बंद ठेवून. चालू ठेवलं की आकडा खाली घसरतो. डेसिबलचा आकडाही असाच, ज्या आवाजावर सगळ्यात जास्त कपात होते तिथला. खोक्यावरचा तो आकडा मागाच्या खटखटीला लागू होत नाही.

एवढ्यात गेट पडलं. मालगाडी होती. बेंगळूरवाल्यानं पोराचे बड्स काढून माझ्या कानात कोंबले आणि एएनसी चालू केलं. पहिल्यांदा आंबोलीचा घाट उतरताना बसतो तसा कानाला दडा बसल्यासारखं झालं. काहींना हा त्रास फार होतो आणि ते बड्स काढूनच टाकतात. मग गाडी आली. वाघिणींचा खालचा धडधडाट निम्म्याच्याही खाली गेला. पण शिट्टी? जशीच्या तशी कानात. रुळांवरचा कर्कश किरकिराट जरा बोथट झाला एवढंच. शेजारी दोन बायका बोलत होत्या, त्यातला एक शब्द सुटला नाही. उजव्या कानात मात्र सगळंच जास्त येत होतं.

बड काढून बघितला. उजवीकडचं रबर कानाला सैल, कडेनं फट. डबीबरोबर आलेली दुसरी रबरं पोरानं पिशवीतनं काढलीही नव्हती. मोबाईलवाल्यानं मोठ्या मापाचं चढवलं, पोराच्या कानात घालून जरा पिळून बसवलं. "आता?" पोरगा थांबला. "हां... बायका गेल्या." एएनसी बंद ठेवूनही बराच फरक पडला होता. दोन हजारांतलं निम्मं काम त्या रबराचं, आणि तेच पिशवीत पडून!

उद्यमबागचा लेथवाला मग सरसावला. "मला शॉपमध्ये घालायला चालतील काय? ग्रायंडर सुरू झाला की डोकं उठतं."

"अजिबात नाही," मास्तर एकदम चढ्या आवाजात. "कारखान्यात आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. तुझा ग्रायंडर तिच्या वर जात असणार. बड्स हे कानाचं संरक्षण म्हणून तपासलेले नसतात. वर तू गाणी लावणार."

"खरं बाहेरचा आवाज कमी झाला तर गाणं बारीक लावता येतंय की," बेंगळूरवाला. हा मुद्दा मास्तरांनाही मानावा लागला. जागतिक आरोग्य संघटना ऐंशी डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास सुरक्षित धरते आणि बसमधल्या घरघरीवर मात करायला माणूस आवाज त्याच्या पार वर नेतो. तिथं एएनसीचा खराच फायदा. ग्रायंडरच्या किंचाळीला मात्र साधा, अख्खा कान झाकणारा इअरमफ बरा. त्यात ना चिप, ना चार्जिंग. वरचे आवाज तोच चांगले अडवतो. शॉपमध्ये 'सरक!' म्हणून कुणी ओरडलं तर ते ऐकू यावं एवढी काळजी मात्र तिथंही घ्यावी लागते.

पोराचे कान टवकारले. "म्हणजे मागाला पण तोच?"

"बड्सपेक्षा बरा," मास्तर म्हणाले. "उन्हाळ्यात घाम येईल, दिसायलाही ध्यान दिसशील."

"खोलीत मला कोण बघतंय? काका, उद्यमबागेत मिळतोय काय?"

"सेफ्टीच्या दुकानात. आणतो उद्या."

मग प्रश्न राहिला बड्सचा. मोबाईलवाल्यानं आधीच हात वर केले, उघडलेला माल परत नाही. पोरगा बेंगळूरवाल्याकडं वळला. "तुझा एक बड हरवतोयच कधीतरी. स्पेअर घे. बाराशे."

"नऊशे. आधी जाळीतला मळ काढ."

"डबी बघ की, एक ओरखडा नाही. अकराशे."

"बॅटरी दोन वर्षांत बसणार, बदलून मिळत नाही. नऊशे म्हणजे नऊशे."

गेट कधीच उघडलं होतं. हे दोघं अजून हजारावर अडलेले.