दुजैलचे १४८ आणि फाशीची घाई : देशमुख सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

देशमुख सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इराकचा सुन्नी हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्यावरचा दुजैल गावातल्या हत्यांचा खटला नीट चालला नाही असं लिहून मी एका खुन्याची कड घेतली, तिथली दीडशे माणसं मारणाऱ्याला फासावर देताना नियम कसले पाहायचे, असं तुम्ही म्हणता. शिवाय इराकमधल्या कत्तली त्या फाशीमुळे झाल्याच नाहीत, शिया-सुन्नी चौदाशे वर्षं भांडतच आलेत, असाही तुमचा मुद्दा आहे.

आधी माझी चूक. हिंसाचार फाशीनंतर उसळला असं माझ्या लेखावरून वाटतं, ते बरोबर नाही. फाशी ३० डिसेंबर २००६ ची. सामर्रा शहरातल्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटात कोसळला तो त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला, आणि बगदाद मोहल्ल्यामोहल्ल्यांत फाटलं ते तेव्हापासून. रस्त्यात अडवून ओळखपत्र बघायचे आणि नुसत्या नावावरून माणूस मारायचे. त्या एका वर्षात ३४ हजारांहून जास्त नागरिक मारले गेल्याची संयुक्त राष्ट्रांची नोंद आहे. आग आधीच लागलेली होती, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण चौदाशे वर्षांचं मला पटत नाही. इराणशी आठ वर्षं चाललेल्या युद्धात इराकी सैन्यातले असंख्य जवान शियाच होते आणि ते शिया इराणविरुद्ध लढले. बगदादमध्ये घरोघरी मिश्र लग्नं होती, एकाच टोळीत दोन्ही पंथांची घराणी होती. ऑगस्ट २००५ मध्ये टायग्रिसवरच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन शेकडो शिया यात्रेकरू मेले. तेव्हा पलीकडच्या अधमिया या सुन्नी मोहल्ल्यातली मुलं त्यांना वाचवायला नदीत उतरली होती. त्यातला एक तरुण लोकांना बाहेर काढता काढता स्वतः बुडाला. हे सामर्राच्या सहाच महिने आधीचं आहे, सर. सद्दामने १९९१ चा शियांचा उठाव चिरडून सामूहिक कबरी भरल्या, मग २००३ मध्ये अमेरिकनांनी सैन्य बरखास्त करून लाखो सशस्त्र माणसं बेरोजगार केली, त्यावर अल-कायदाचा इराकमधला म्होरक्या झरकावी याच्या लोकांनी मुद्दाम शियांच्या गर्दीत बॉम्ब फोडले. वैर असं पेरलं गेलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नियम कशाला? दुजैलमध्ये नेमकं काय घडलं ते बघा. जुलै १९८२ मध्ये या शिया गावात सद्दामच्या ताफ्यावर गोळीबार झाला. शेकडो माणसं धरून नेली, बायकापोरांना वाळवंटातल्या छावणीत डांबलं, खजुराच्या बागा भुईसपाट केल्या. मग अवाद अल-बंदरच्या 'क्रांतिकारी न्यायालया'ने १४८ जणांना मृत्युदंड दिला. त्यांत अल्पवयीन मुलं होती, आणि कित्येकजण तर चौकशीतच मेलेले होते! मेलेल्यांनाही शिक्षा ठोठावणाऱ्या त्या कागदावर सद्दामची सही आहे. म्हणजे दुजैलचा गुन्हा हा खोट्या खटल्याचा गुन्हा होता. तो तपासणारा खटला तरी खरा असायलाच हवा होता. मला एवढंच म्हणायचं होतं.

झालं काय? सुनावणी सुरू झाली १९ ऑक्टोबर २००५ ला, आणि दुसऱ्याच दिवशी बचाव पक्षाच्या एका वकिलाचा खून झाला. पुढे आणखी दोघांचा. पहिले न्यायाधीश रिझगार अमीन आरोपीला फार बोलू देतात म्हणून सरकारातून ओरड झाली, ते पदावरून बाजूला झाले. तरीही दुजैलची माणसं आली. एका बाईने पडद्याआडून, आवाज बदलून साक्ष दिली. त्या बाईच्या धैर्याला शोभेल असा शेवट व्हायला हवा होता.

अपील फेटाळलं २६ डिसेंबरला, आणि चार दिवसांत फाशी. तीही सुन्नींच्या बकरी ईदच्या पहाटे, खुद्द इराकी कायद्यात सणाच्या दिवशी फाशीला मनाई असताना. मोबाइलवरच्या त्या चित्रफितीत 'मुक्तदा, मुक्तदा' अशा, म्हणजे शिया नेता मुक्तदा अल-सद्रच्या नावाच्या घोषणा ऐकू येतात. ओरडणाऱ्यांचं दुःख मी नाकारत नाही. मुक्तदाचे वडील १९९९ मध्ये मारले गेले, घराण्यातल्या थोर धर्मगुरूला सद्दामने १९८० मध्येच संपवलं होतं. पण त्या क्षणी देशाने दिलेली शिक्षा एका पंथाचा सूड होऊन बसली. सरकारी वकील स्वतः तिथे उभं राहून 'थांबा' म्हणत होते.

आणि कुर्द? उत्तर इराकमधल्या या अल्पसंख्याकांविरुद्ध सद्दामच्या सैन्याने १९८८ मध्ये चालवलेल्या अन्फाल मोहिमेत हजारो कुर्द मारले गेले, गावंच्या गावं नकाशावरून पुसली गेली. त्याबद्दलचा सद्दामवरचा वेगळा खटला ऑगस्ट २००६ पासून चालू होता, साक्षी अर्ध्यावर होत्या. ८ जानेवारी २००७ ला न्यायालय पुन्हा भरलं तेव्हा सद्दामची खुर्ची रिकामी होती. त्याच्यावरचे आरोप काढून टाकले गेले. त्याच दिवशी रासायनिक हल्ल्यांबद्दल बोलणाऱ्या त्याच्या आवाजाची ध्वनिफीत दालनात वाजवली. आवाज होता, पण ज्याला जाब विचारायचा तो नव्हता.