शॉकअपचे पाईप घरी साफ करावेत का? एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(निवृत्त झाल्याचं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय. खटकलं तर सांगा.)

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचे पुढचे शॉकअप घरी साफ करून चकचकीत करण्यावर मी लिहिलेला लेख काकांना बेजबाबदार वाटला. भोसरीत हार्ड क्रोमच्या, म्हणजे पोलादावर क्रोमचा कडक थर चढवायच्या, लाईनवर त्यांची नोकरी झाली, त्यामुळे हे ऐकीव मत नाही. त्यांचे मुद्दे चार. क्रोमवर घासायचा पेपर मारणं म्हणजे क्रोम उतरवणं. गंजका पाईप साफ करायचा नसतो, बदलायचा असतो, आणि पुण्याच्या नाना पेठेत तो सहज मिळतो. बॉटमवरची (शॉकअपच्या खालच्या नळकांड्यावरची) लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, काढून ॲल्युमिनियम उघडं ठेवलं तर पहिल्या पावसाळ्यात ते पांढरं पडणार. आणि शेवटचा: हल्लीची पोरं गाडी चालवतात कमी आणि पुसतात जास्त.

शेवटचा मुद्दा मी निमूटपणे मान्य करतो. बाकीच्या तिन्हींवर मात्र बोलायचंय.

आधी एक घोळ मिटवू. ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर मी लेखात सांगितलाय तो बॉटमला, म्हणजे खालच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्याला. वरच्या क्रोमच्या पाईपला नाही. पाईपवर कुणी ८०० मारला तर काय होईल हे तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे. क्रोम कडक असतं, पण काळ्या वॉटर पेपरमधलं सिलिकॉन कार्बाईड त्याहून कितीतरी कडक. पाईपवरचा थर सहसा दहा-वीस मायक्रॉनच्या घरातला, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. एका दुपारी हौसेने घासून तो उतरवता येतो. त्यात वर-खाली घासलं तर प्रत्येक ओरखडा तेलाला बाहेर यायला एक पन्हळ होऊन बसतो. नवीन सील (तेल आत अडवणारी रबरी कडी) टाकूनही महिन्याभरात गळती सुरू झाली की लोक सीलला शिव्या देतात, त्यातल्या बऱ्याच केसेस या असतात.

पण म्हणून पाईपला घरी हातच लावू नये, असं मात्र मला वाटत नाही. आपलं खरं भांडण इथे आहे.

पाईपवरचा गंज सगळीकडे सारखा धोक्याचा नसतो. सील पाईपच्या ज्या पट्ट्यावरून वर-खाली जातं तो पट्टा वेगळा, आणि त्याच्या वरचा, हेडलाईटच्या ब्रॅकेटमागे किंवा कव्हरखाली लपलेला भाग वेगळा. वरच्या भागावर सील कधी पोहोचतच नाही. तिथला गंज दिसायला वाईट, वाढू दिला तर पुढे त्रासदायक, पण आज त्यातून तेल गळत नाही. आणि जुन्या गाड्यांवर गंज बहुतेक तिथेच असतो, कारण पावसाचं पाणी ब्रॅकेटच्या आत शिरतं आणि वाळत नाही. अशा पाईपला सरसकट 'बदला' म्हणणं मला पटत नाही.

हा पट्टा कुठे संपतो ते अंदाजाने ठरवू नये. पाईपवर एक बारीक केबल टाय बांधायचा, डस्ट सीलला, म्हणजे बॉटमच्या तोंडाशी धूळ अडवणाऱ्या रबराला, टेकवून, घट्ट पण ढकलला तर सरकेल इतपत. मग गाडी काढून एक फेरी मारायची. पुण्यात यासाठी टेस्ट ट्रॅक लागत नाही. सोसायटीच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतचे स्पीडब्रेकर पुरतात. एक-दोनदा पुढचा ब्रेक नीट दाबायचा. परत आलात की टाय जिथे थांबलाय तिथवर सील गेलं होतं. त्याच्यावर आणखी दोन बोटं सोडायची, कारण एखादा खड्डा यापेक्षाही जोरात बसतो. तिथे मार्करने रेघ मारायची. रेघेच्या वर माझं राज्य, रेघेच्या खाली तुमचं.

वरच्या भागात मी काय करतो? किचनमधला ॲल्युमिनियम फॉईल चुरगळून, पाण्यात बुडवून घासतो. फॉईल क्रोमपेक्षा मऊ असल्याने क्रोमला ओरखडा पडत नाही, गंज मात्र निघतो. नंतर कोरडं करून तेलाचा किंवा मेणाचा हात. एवढंच. गंजाने पडलेले खड्डे तसेच राहतात, ते भरून येत नाहीत, आणि तसा दावा मी केलेलाही नाही. क्रोम स्वतः गंजत नाही, त्याच्या सूक्ष्म भेगांतून ओल आत जाते आणि खालचं पोलाद गंजतं. गंज फुगतो आणि क्रोमची खपली उडवतो. म्हणजे डाग दिसतो तेव्हा मुळाशी नुकसान होऊन गेलेलं असतं. फॉईलने आपण फक्त पुढचा वेग कमी करतो. हे तुम्हाला सांगणं म्हणजे अगाऊपणाच, पण इतरही वाचतायत.

एक गोष्ट मात्र तुमच्यापेक्षाही मोठ्या आवाजात सांगतो. बाथरूम धुवायचं ॲसिड पाईपला लावू नका. यूट्यूबवर गंज पळवणारे बरेच वीर ते लावताना दिसतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते गंजाबरोबर क्रोमही खातं. तसंच तुंबलेलं सिंक मोकळं करायची कॉस्टिकची पूड बॉटमला लावू नका. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की फसफसून हायड्रोजन निघतो आणि धातू काळवंडतो.

आता रेघेच्या खालचं. तिथे मी आधी नख फिरवतो, मग कापसाचा बोळा. नखाला न लागणारी कड कापसाच्या तंतूंना लागते, बोळा जिथे अडकेल तिथे काहीतरी आहे. सुईच्या टोकाएवढा एखादाच खड्डा असेल, आजूबाजूचं क्रोम घट्ट बसलेलं असेल, तर बारीक ऑइल स्टोन (धार लावायचा दगड) तेलात भिजवून फक्त त्या खड्ड्याची कड मोडायची. दगड पाईपभोवती आडवा फिरवायचा, उभा कधीच नाही. खड्डा राहिला तरी चालतं, कड राहिली तर ती प्रत्येक झटक्याला सीलचा ओठ कापत राहते. यापुढे २००० नंबरचा पेपर, तोही तेलात आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेवर. आणि खड्डे दोन-तीन जवळजवळ असतील, क्रोमची कड नखाने उचलली जात असेल, किंवा कुठे पोलादाचा करडा रंग दिसत असेल, तर हात मागे घ्यायचा. तो पाईप तुमच्या लाईनवर जाणार किंवा भंगारात. इथे आपलं एकमत आहे, आणि लेखातही 'नख अडकलं तर थांबा' हे वाक्य होतंच.

खड्ड्यात ॲरल्डाईट (दोन नळ्यांतलं, कडक होणारं चिकट इपॉक्सी) भरून घासण्यावर तुम्ही जे तोंडसुख घेतलंय ते वाचून मी हसलो. खड्डा पूर्ण कोरडा आणि तेलमुक्त केला तर ते काही काळ टिकतं. रेघेच्या वरच्या खड्ड्यात ओल जाऊ नये म्हणून मी भरतोही. सीलच्या पट्ट्यात मात्र भरत नाही. सुटलेला तुकडा सीलच्या ओठाखाली गेला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

'नाना पेठेत मिळतो' याबद्दल. मिळतो, खरं आहे, आणि आरएक्सच्या सुट्या भागांसाठी मीही तिथेच जातो. पण गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. आता पाकिटातून निघणारा पाईप कुठल्या लेथवर झाला आणि त्यावर क्रोम किती चढलंय, हे काउंटरवरचा माणूस सांगू शकत नाही. चांगलेही असतात, पण बघून घ्यावे लागतात. मायक्रोमीटर असेल तर तीन-चार ठिकाणी व्यास मोजा. नसेल तर निदान सपाट काचेवर किंवा घरच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर पाईप हळू लोटा आणि खालून येणारा उजेड बघा. बाक असेल तर फट उघडझाप करते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बाकाची मर्यादा सहसा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, तेवढी काचेवर मोजता येणार नाही. त्यासाठी व्ही-ब्लॉक (पाईप टेकवून फिरवायचे खाचेचे ठोकळे) आणि डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) असलेला लेथवाला गाठा. जुना मूळ पाईप सरळ असेल आणि त्याचा सीलचा पट्टा निर्दोष असेल, तर वरच्या भागातल्या डागांसाठी तो फेकून अनोळखी नवा घालणं मला तोट्याचा सौदा वाटतो.

इथे तुमच्या चौथ्या मुद्द्याकडे परत येतो, कारण तो टोमणा असला तरी त्यात तंत्र आहे. रोज धावणाऱ्या गाडीच्या सीलच्या पट्ट्यात गंज फारसा धरत नाही. सील दर वेळी पाईपवर तेलाचा एक अतिपातळ हात फिरवत असतं. पार्किंगमध्ये कव्हर घालून महिनोन् महिने उभी असलेली आरएक्स मात्र डस्ट सीलच्या जरा वर, नेमकी तिथेच सडते. म्हणजे पोरांनी पुसण्यापेक्षा चालवली तर पाईप जास्त टिकेल, हे तुमचं म्हणणं धातुशास्त्रानेही बरोबर आहे.

आता बॉटम. इथे मी तुमच्याशी जरा वाद घालणार.

कारखान्यातून आलेली लॅकर वीस-पंचवीस वर्षांनी पिवळी पडते, आणि दगडाच्या टवक्यातून आत गेलेलं पाणी तिच्याखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा काढत पसरतं. हे त्या फुटलेल्या लॅकरमुळे होतं, उघड्या धातूमुळे नाही. ओल आत अडकते, वाळत नाही. उघडं ॲल्युमिनियम हवेत स्वतःचं ऑक्साईडचं कवच धरतं, पावसात निस्तेज होतं हे कबूल, पण पुण्यात ते कोकणासारखं खाल्लं जात नाही, कारण आपल्या हवेत समुद्राचं मीठ नाही. जूनच्या आधी मेणाचा एक हात, गणपतीनंतर पॉलिशचा एक हात, असं माझं चालतं. ज्याला एवढंही करायचं नाही त्याने पॉलिश करूच नये, हेही मी म्हणेन.

मग पुन्हा लॅकर का नाही मारायची? कारण आरशासारख्या घासलेल्या ॲल्युमिनियमवर ती धरत नाही. तिला पकडायला खरखर लागते. ज्याला लॅकर हवी त्याने २००० पर्यंत जाऊन बफ मारूच नये, ६०० वर थांबावं किंवा स्कॉच ब्राइटने एकाच दिशेला रेघा काढाव्यात, मग थिनरने पुसून लॅकर. चमक कमी पण टिकाऊ. दोन्ही एकदम हवं म्हणणाऱ्याची लॅकर सालीसारखी निघते आणि तो तुमच्याकडे येऊन पुन्हा सगळं नव्याने करायला सांगतो.

पेंट रिमूव्हरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहितो. उघड्या गच्चीवरच वापरा, बाथरूमचं दार लावून नाही. त्यातल्या काहींमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं, त्याच्या वाफेने बंद खोलीत माणूस बेशुद्ध पडू शकतो. हातमोजे, चष्मा, आणि बॉटममधून सील आधीच काढलेलं. घासतानाही सीलची खोबण टेपने बंद ठेवा. घासलेली भुकटी तिथे राहिली की नवीन सील पहिल्याच दिवशी मेलं.

'जीवाशी खेळ' हा शब्द तुम्ही चकाकीसाठी वापरलात. माझ्या मते जिवाचा खेळ जोडणीत आहे आणि त्यावर कुणीच रागावत नाही. शॉकअपच्या दोन्ही पायांत, म्हणजे डाव्या-उजव्या नळ्यांत, मॅन्युअलमध्ये दिलं तेवढंच आणि सारखं तेल. वरचा नट उघडताना आतली स्प्रिंग दाबलेली असते, तोंड बाजूला ठेवा. आणि ड्रम ब्रेकच्या गाड्यांत सगळ्यात महत्त्वाचं: बॉटमवरचा उंचवटा ब्रेक प्लेटच्या खाचेत बसलाय ना, हे चाक चढवताना डोळ्यांनी बघा आणि हाताने हलवून बघा. तो बसला नाही तर पहिल्या जोरदार ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल तोडते आणि चाक अडकू शकतं. पाईप कितीही चमकत असला तरी मग उपयोग नाही. एक्सल पूर्ण आवळण्याआधी पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या सरळ रेषेत बसतात. डिस्कची गाडी असेल तर गळतीला आणखी कमी माफी: तेल पॅडवर गेलं की ब्रेक गेला.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न, आणि तो खरोखर उत्तर हवं म्हणून विचारतोय. रेघेच्या खाली खराब झालेली एक जोडी मला हार्ड क्रोमला द्यायची आहे. जुना थर काढून, ग्राइंड करून, नवा जाड थर चढवून पुन्हा मापावर ग्राइंड करतात एवढं मला कळतं. पण प्लेटिंगनंतर पोलादात शिरलेला हायड्रोजन काढायला पाईप भट्टीत तापवायचे असतात, ते करता का असं विचारलं की बहुतेक ठिकाणी विषय बदलतात. दोनच पाईप घेऊन येणाऱ्या फुटकळ गिऱ्हाइकाने दुकानात जाऊन नेमकं काय विचारावं आणि परत घेताना काय तपासावं? दुकानांची नावं लिहू नका, तपासणीच लिहा. तुम्ही परवानगी दिलीत तर ती जशीच्या तशी मूळ लेखात घालतो.