ओलीस आत असताना नेत्यांनी गर्जना कराव्यात?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचं सार असं: लोक ओलीस असताना आपले नेते तोंडाला कुलूप लावून बसतात, म्हणून दहशतवादी शेफारतात. एंटेबीच्या वेळच्या इस्रायलसारखं ठणकावून सांगा, 'बोलणी नाहीत', की ते वठणीवर येतील. कंदाहार हे मौनाचंच फळ. आणि हो, जनतेला क्षणाक्षणाची माहिती मिळालीच पाहिजे.

आधी इस्रायल, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. २७ जून १९७६ ला एअर फ्रान्सचं विमान पळवून युगांडात एंटेबीला नेलं गेलं. अपहरणकर्त्यांनी मागण्या मान्य करायला दिलेली मुदत १ जुलैची होती. त्या दिवशी इस्रायलच्या राबिन सरकारने काय जाहीर केलं? बोलणी करायला तयार आहोत, एवढंच. ती निव्वळ थापही नव्हती; तो पर्याय खरोखर खुला होता. मुदत ४ जुलैपर्यंत वाढली आणि त्याच पहाटेआधी ओलिसांना सोडवायला इस्रायली कमांडो एंटेबीत उतरले. ज्या कारवाईचे गोडवे हा मजकूर गातो, तिला वेळ मिळाला तो नमत्या भाषेमुळे. १ जुलैला कुणी मंत्री कॅमेऱ्यासमोर छाती ठोकत बसला असता तर?

नेत्याच्या एका वाक्याने काय होतं ते बघायचं तर ऑक्टोबर १९७७ मधलं लुफ्तान्साचं 'लान्ड्सहूट' विमान आठवा. माल्योर्काहून फ्रँकफर्टला निघालेलं हे विमान चौघांनी पळवलं. दुबईच्या धावपट्टीवर असताना वैमानिक युर्गेन शुमान यांनी त्यांच्या नाकावर टिच्चून बाहेर निरोप पोचवला: एकूण चौघं, दोन पुरुष, दोन बायका. विमानात घुसायची तयारी करणाऱ्यांना याहून मोलाचं काय हवं? संयुक्त अरब अमिरातीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री शेख मोहम्मद बिन राशिद पत्रकारांशी बोलताना नेमकं तेच सांगून बसले. हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण गोष्ट विमानात पोचली आणि म्होरक्याने शुमान यांना ठार करण्याची धमकी दिली. पुढे एडनला त्यांनी शुमान यांना मारलंच. त्याचं तात्कालिक कारण वेगळं होतं, विमानाची तपासणी करायला उतरून परतायला झालेला उशीर. त्यामुळे तो खून मी मंत्र्यांच्या माथी मारणार नाही. पण आपल्याच माणसाला संशयाखाली आणायला एक वाक्य पुरलं. त्याच शरद ऋतूत जर्मनीत श्मिट सरकारने श्लायर या उद्योजक नेत्याच्या अपहरणाच्या बातम्यांना लगाम घालायला वृत्तपत्रांना राजी केलं होतं. १८ ऑक्टोबरला सोमालियातल्या मोगादिशूत जर्मन कमांडो विमानात शिरले आणि सर्व ८६ प्रवासी जिवंत बाहेर आले.

कंदाहारबद्दल थोडक्यात. २४ डिसेंबर १९९९ ला पळवलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान कंदाहारला जाण्याआधी अमृतसरला पाऊण तासाच्या आसपास उभं होतं. तिथे कमी पडला तो निर्णय. विमान अडवायला भाषणाने काय टायर पंक्चर होणार होते? पुढे तुरुंगातले ३६ दहशतवादी सोडण्याची मागणी तिघांवर आली, तीही पडद्याआड बसलेल्या अधिकाऱ्यांमुळे. ते तिघे सोडणं योग्य होतं का, यावर भांडायला मी तयार आहे, पण तो वेगळा वाद.

राहिली माहिती. २६/११ ला कराचीत बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्या बघून फोन करत होते. तुमच्या हॉटेलात तीन मंत्री आणि कॅबिनेटचा एक सचिव आहे, असं ते आतल्या अतिरेक्यांना सांगत होते. भारताने पाकिस्तानला दिलेल्या कागदपत्रांत हे संभाषण आहे. नरिमन हाउसवर उतरणारे कमांडो थेट दिसले, ते वेगळंच. कसाब खटल्याच्या निकालात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडसावलं ते याचसाठी.

आपल्याला मात्र आठवतं ते तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबांचं 'मोठ्या शहरांत असे प्रकार होतात' या अर्थाचं वाक्य. त्याने त्यांचं पद गेलं, लोकांच्या जखमेवर मीठ पडलं. पण त्यामुळे कमांडोंची जागा कुणाला कळली नाही. जी वाक्यं खरोखर घात करतात, ती ऐकताना साधी बातमीच वाटते, म्हणून त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

२०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना वाहिन्यांना थेट प्रक्षेपण करता येत नाही. नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने सांगेल तेवढंच दाखवायचं. हा नियम केबल वाहिन्यांचा आहे. आमदार, खासदार, मंत्री यांच्या मोबाइलवरून जाणाऱ्या पोस्टना तो लागत नाही, आणि त्यांनी त्या आणखी जोरात टाकाव्यात अशी या मजकुराची मागणी आहे.